छोटं विमान उडता उडताच का पडतं? खान्देशच्या उन्हात, खान्देशच्या वावरात

वाघूरकाठ

शिरपूर, धुळ्याचं गोंदूर, जळगाव. आपल्या भागात डोक्यावरून घरघरत जाणारी छोटी विमानं आता नवलाची राहिली नाहीत. जुलै २०२१ मध्ये चोपडा तालुक्यात वर्डीजवळ सातपुड्यात प्रशिक्षणाचं विमान पडलं, तेव्हा सगळ्यात आधी आसपासचे गावकरीच तिथे पोचले होते. तो अपघात उड्डाणाच्या वेळचा नव्हता, पण तेव्हापासून पारावर विमानाचा विषय निघाला की एकच वाक्य ऐकू येतं: "इंजिन बंद पडलं, म्हणून पडलं."

मला तीन गोष्टी नीट समजून घ्यायच्या आहेत. इंजिन बंद पडलं म्हणजे विमान पडणारच का? जमीन सोडल्यानंतरची पहिली दोन-तीन मिनिटंच एवढी घातक का? आणि आपल्या वावरात असं विमान उतरलं तर तिथे असणाऱ्याने नेमकं काय करायचं? जाणकारांनी आकड्यांसकट लिहावं. मोघम नको.

धावपट्टी_सत्तावीस

पहिल्याचं उत्तर: नाही. सेस्ना १७२ सारखं चार सीटचं छोटं विमान इंजिन बंद असताना १००० फुटांवरून साधारण अडीच-पावणेतीन किलोमीटर तरंगत जाऊ शकतं. उंची असली की वैमानिकाकडे वेळ असतो आणि जागा निवडायला वाव असतो.

उड्डाणाच्या वेळी नेमकं हेच नसतं. उंची नाही. वेग जेमतेम, कारण मिळेल ती ताकद वर चढण्यात खर्ची पडते. आणि नाक वर केलेलं. अशा वेळी इंजिन गेलं तर वेग तीन-चार सेकंदांत कोसळतो. जमीन जवळ दिसते म्हणून हात आपोआप योक (नाक वरखाली करायचा, विमान वळवायचा दांडा) मागे ओढतो. तिथे घात होतो. पंख हवेला फार मोठ्या कोनात भिडला की त्याच्या पाठीवरचा प्रवाह तुटतो आणि उचल जाते. यालाच स्टॉल म्हणतात. म्हणजे इंजिन बंद पडणं ही एक घटना आणि विमान पडणं ही दुसरी. मधल्या चार सेकंदांत नाक खाली घातलं तर दुसरी टळते.

गिरणाई

वरच्या प्रतिसादात आपल्या उन्हाचा हिशेब जोडते, कारण तो इथे सगळ्यात मोठा आहे.

विमानाला जमिनीची उंची कळत नाही, हवेची घनता कळते. आपला भाग समुद्रसपाटीपासून दोन-तीनशे मीटरवर आहे. ८०० फूट धरू. मे महिन्यात दुपारी ४३ अंश आणि हवेचा दाब १००२ हेक्टोपास्कल. प्रमाण दाब १०१३, म्हणजे ११ कमी. एका हेक्टोपास्कलला सुमारे ३० फूट, म्हणून दाबाची उंची झाली ११३०. त्या उंचीला प्रमाण तापमान १२.७ अंश हवं, आपल्याकडे त्यापेक्षा ३० अंश जास्त. दर अंशाला १२० फूट, म्हणजे आणखी ३६००. बेरीज ४७०० फुटांच्या पुढे.

धावपट्टी ८०० फुटांवर आहे, पण पंख, पुढचा पंखा (प्रोपेलर) आणि इंजिन तिघांच्या लेखी ती ४७०० फुटांवर आहे. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना सुमारे ३ टक्के ताकद गमावतं. १८० अश्वशक्तीचं इंजिन १५५ वर येतं. पातळ हवेत पंखा कमी ओढतो, पंख कमी उचलतो, म्हणून जमीन सोडायला खरा वेगही जास्त लागतो. तीन नुकसानं एकाच वेळी.

मांडे_खापरावरचे

बाप रे. गिरणाई ताई, मग उन्हाळ्यात विमानं उडतात तरी कशी?

धावपट्टी_सत्तावीस

हिशेब करून उडतात. विमानाच्या पुस्तिकेत तक्ता असतो. १७२ एस या मॉडेलचा, पूर्ण वजनाला, आखूड पट्टीच्या पद्धतीने: समुद्रसपाटीला २० अंशात जमिनीवरची धाव सुमारे ३०० मीटर आणि ५० फुटांचा अडथळा पार करायला सुमारे ५१५. तेच १००० फुटांवर ४० अंशात ३८५ आणि ६५०. हे आकडे नव्या विमानाचे, सपाट कोरड्या डांबराचे आणि कसलेल्या हाताचे आहेत. सुकं गवत असेल तर जमिनीवरच्या धावेत १५ टक्के वाढवा. समोरून ९ नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) वारा असेल तर १० टक्के कमी करा. पाठीमागून वारा असेल तर दर २ नॉटला १० टक्के वाढवा. ९ आणि २ मधला फरक बघा. पाठीवरचा वारा चौपटीहून जास्त महाग पडतो.

म्हणूनच उन्हाळ्यात प्रशिक्षण पहाटे उरकतात. दुपारी नुसता उकाडा नसतो, वावटळी असतात. रिकाम्या तापलेल्या वावरातून धुळीचा खांब सरकत पट्टीवर आला तर समोरचा वारा एका सेकंदात पाठीवर येतो. वावटळ दिसली की ती पार होऊन जाईपर्यंत थांबायचं. धूळ नसलेली वावटळ डांबरावर दिसत नाही, तिथे वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी मोज्याकडे लक्ष ठेवावं लागतं. मोजा गरकन फिरला तर थांबा.

तापीपात्र

थोडा मतभेद. पुस्तिकेतला तक्ता धरून चालणं ठीक, पण हवा-पेट्रोलच्या जाड-पातळ मिश्रणाचं कोणी बोललं नाही. घनता-उंची, म्हणजे गिरणाई ताईंनी काढलेली ती उंची, ४७०० फूट असेल तर पूर्ण रिच (पेट्रोल जास्त असलेल्या) मिश्रणावर इंजिन गुदमरतं. उड्डाणाआधी ब्रेक धरून पूर्ण थ्रॉटलला (पूर्ण ताकदीला) मिश्रण पातळ करून जास्तीत जास्त आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) काढायला हवेत.

नटबोल्ट

तापीपात्र भाऊ, सरसकट तसं करू नका. पुस्तिका ३००० फुटांच्या वरच्या विमानतळांसाठी ते सांगते, आणि ती जमिनीची उंची आहे. आपल्याकडे उंची कमी आणि उष्णता जास्त. पूर्ण ताकदीवर जास्तीचं पेट्रोल सिलिंडर गार ठेवण्याचं काम करतं. ४३ अंशात पातळ मिश्रणावर पूर्ण थ्रॉटल म्हणजे सिलिंडर हेड तापणार आणि डिटोनेशनचा, म्हणजे सिलिंडरात इंधन एकदम भडकण्याचा, धोका. त्या विमानाच्या पुस्तिकेत आणि संस्थेच्या कार्यपद्धतीत जे असेल तेच करायचं. पूर्ण थ्रॉटलला स्थिर आरपीएम मात्र बघायचेच. १७२ एस ला ते २३०० ते २४०० च्या दरम्यान हवेत. २२०० वर अडकलं तर ब्रेक सोडूच नये.

आता इंजिन मुळात का जातं ते. सगळ्यात जुनं आणि सगळ्यात टाळता येणारं कारण: इंधनात पाणी.

एव्हगॅस १०० एलएल, म्हणजे विमानाचं पेट्रोल, निळसर असतं. पाणी त्याच्याहून जड, म्हणून ते टाकीच्या तळाला बसतं. पंखाखालच्या ड्रेनमधून पारदर्शक कपात नमुना घेतात. कप उजेडाकडे धरला की पाण्याचा थेंब तळाशी वेगळा दिसतो आणि कप हलवला की काचेच्या गोटीसारखा घरंगळतो. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. फसगत पुढे आहे. अख्खा कपच पाण्याचा भरला तर मधली रेषा दिसत नाही, सगळं एकसारखं स्वच्छ दिसतं आणि नजर म्हणते "ठीक". म्हणून तीन गोष्टी बघायच्या: रंग निळा आहे का, वास पेट्रोलचा आहे का, आणि दोन थेंब बोटावर घेतले तर झटकन उडून गार लागतं का.

पाणी येतं कुठून? टाकीच्या झाकणाला रबरी ओ-रिंग असते. आपल्या उन्हात दोन-तीन महिने विमान उघड्यावर राहिलं की ती कडक होऊन तडकते. मे महिन्यात काही जाणवत नाही. जूनचा पहिला पाऊस पंखावर पडतो आणि पाणी सरळ टाकीत. म्हणून मृगाच्या आधी झाकणं काढून रिंगा बोटाने दाबून बघायच्या, चिरा दिसल्या की बदलायच्या. रात्री टाकी अर्धी ठेवली तर मोकळ्या जागेतली हवा गार होऊन भिंतींवर दव धरतं, तेही तळाला उतरतं. वजनाचा प्रश्न नसेल तर संध्याकाळीच टाकी भरून ठेवायची. सकाळी पंख हलके हलवायचे, पाणी खाली बसू द्यायचं, मग नमुना. १७२ एस ला १३ ड्रेन आहेत, दोन्ही पंखांना ५-५ आणि पोटाखाली ३. तेराच्या तेरा.

उड्डाणाच्या क्षणीच हे का नडतं? टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर सावकाश चालत जाताना, इंजिन थोडंच पितं, नळीतलं चांगलं पेट्रोल पुरतं. पूर्ण थ्रॉटल दिला, नाक वर गेलं, की तळाचं पाणी मागे सरकून थेट नळीच्या तोंडाशी येतं.

मांडे_खापरावरचे

नटबोल्ट दादा, चुकीचं इंधन भरणं म्हणतात ते हेच का?

नटबोल्ट

नाही, ते वेगळं. काही प्रशिक्षण विमानं एव्हगॅसवर चालतात, तर डिझेल इंजिनवाली जेट ए-१ वर, म्हणजे रॉकेलच्या जातीच्या इंधनावर. एकाच पट्टीवर दोन्ही असली की धोका आला. पेट्रोल इंजिनात जेट ए-१ गेलं तर टॅक्सीपुरतं बरं चालतं आणि पूर्ण ताकदीला ठोकायला लागून बसतं. तपासणी सोपी आहे. पांढऱ्या कागदावर थेंब टाका. एव्हगॅस उडून जातं, कागद कोरा राहतो. जेट ए-१ तेलकट डाग ठेवतं. भरताना टँकरजवळ वैमानिकाने स्वतः उभं राहावं.

सातपुडा_पायथा

कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो असंही वाचलं होतं. खान्देशात बर्फ? हे पटत नाही.

गिरणाई

पटायला अवघड आहे, पण खरं आहे. कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात हवा वेगाने जाते आणि त्याच जागी पेट्रोलची वाफ होते. दोन्हींमुळे तापमान २०-३० अंशांनी घसरू शकतं. जुलैमधली सकाळ घ्या: २४ अंश, हवा ओलीचिंब. गळ्यात शून्याखाली. ओल आयती हजर, बर्फ धरतो. मे महिन्याच्या कोरड्या हवेत हा धोका नसल्यासारखा. आपल्याकडे हा श्रावणातला आजार आहे.

नटबोल्ट

अगदी. पावसाळ्यात पट्टीच्या तोंडाशी दहा मिनिटं मंद इंजिनवर थांबलात तर बर्फ तिथेच तयार होतो. रन-अपला (उडण्याआधीच्या इंजिन तपासणीला) कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी दांडी, ओढली की आरपीएम थोडे उतरतात, हे बरोबर. उतरून मग इंजिन खडखडत परत वर चढले तर समजायचं की बर्फ होता आणि वितळला. मग उडायच्या तोंडावर पुन्हा एकदा ओढून बघायचं आणि आत ढकलून टाकायचं, कारण गरम हवा पातळ असते, ती ताकद खाते. इंजेक्शनवाल्या इंजिनाला कार्ब्युरेटर नाही, त्याला हा प्रश्न नाही. त्याचा आजार उन्हाळ्यातला: तापलेलं इंजिन बंद करून वीस मिनिटांनी चालू केलं की नळ्यांत पेट्रोलची वाफ अडकलेली असते. फ्यूएल फ्लोचा काटा थरथरत असेल तर तो थिर होईपर्यंत उडायचं नाही.

मॅग्नेटोचंही, म्हणजे प्लगला ठिणगी देणाऱ्या यंत्राचंही सांगतो. दर सिलिंडरला दोन प्लग, अख्ख्या इंजिनाला दोन मॅग्नेटो, बॅटरीशी संबंध नाही. म्हणून बॅटरी मेली तरी इंजिन चालतं. १८०० आरपीएमला एकेक मॅग्नेटो बंद करून बघायचा. १५० पेक्षा जास्त उतार नको, दोघांत ५० पेक्षा जास्त फरक नको. आणि एक बंद केल्यावर आरपीएम अजिबातच उतरले नाहीत तर खूश होऊ नका. तो मॅग्नेटो बंदच होत नाहीये, म्हणजे किल्ली काढलेली असतानाही पंखा हाताने हलला तर इंजिन ठिणगी देईल.

केळीचा_घड

भाऊ, हाई माहिती भलती कामनी शे. शेवटची गोष्ट तर गावातल्या पोरांना सांगायलाच हवी, पंख्याला हात लावून फोटो काढतात.

तापीपात्र

इंजिन ठणठणीत असतानाही उड्डाणात पडलेली विमानं पुष्कळ आहेत. ती बाजूही येऊ द्या.

३० ऑक्टोबर १९३५, अमेरिकेत राइट फील्ड. बोइंगचं मॉडेल २९९, चार इंजिनांचं, त्या काळातलं सर्वात गुंतागुंतीचं विमान. शेपटीकडच्या पृष्ठभागांना वाऱ्याने हलू नये म्हणून लावलेलं कुलूप काढायचं राहिलं. विमान उठलं, नाक वर गेलं ते खाली येईचना, स्टॉल होऊन कोसळलं. चाचणी वैमानिक अनुभवी होते. त्यानंतर तिथल्या लोकांनी कागदावर यादी केली, आज जिला चेकलिस्ट म्हणतात.

छोट्या सेस्नात ते कुलूप म्हणजे योकच्या दांड्यातून आरपार घातलेली एक पिन, तिला लाल पत्रा. तो पत्रा किल्लीच्या भोकावर येतो, म्हणजे तो काढल्याशिवाय किल्लीच लागू नये. पण पत्रा तुटला की कोणी तिथे खिळा किंवा बोल्ट घालतं. तसं चालवून घेऊ नये. कुलूप काढलं तरी उडण्याआधी योक चारही बाजूंना टोकापर्यंत फिरवून पंखाकडे आणि शेपटीकडे डोळ्यांनी बघायचं: डावीकडे वळवला तर डावं एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलणारी पट्टी) वर, उजवं खाली. दुरुस्तीनंतर केबल उलट जोडली गेल्याची उदाहरणं आहेत. "हलतंय" एवढं पुरत नाही, योग्य दिशेला हलतंय का ते बघायचं.

नटबोल्ट

यात भर म्हणून सीट. सेस्नाची सीट रुळावर सरकते, रुळाला भोकं असतात आणि सीटखालची पिन भोकात बसते. वर्षानुवर्षांच्या वापराने भोकं लांबट होतात, पिन वरवर अडकते. पूर्ण थ्रॉटलला विमान पुढे झेपावतं, सीट सटकून मागे जाते आणि वैमानिकाच्या हातात योक असतो. तो योकसकट मागे जातो. नाक आकाशाकडे. अमेरिकेत या रुळांची तपासणी सक्तीची आहे, ती अशा अपघातांमुळेच. उपाय पाच सेकंदांचा: सीट लावली की दोन्ही पायांनी फरशीला रेटून कंबर मागेपुढे जोरात हलवायची. "कट्" आवाज आला म्हणजे पिन बसली असं धरू नका.

दार उघडं राहिलं तर? मोठा आवाज, वाऱ्याचा झोत, कागद उडतात, पण विमान उडत राहतं. दार लावायच्या नादात वेगाकडे दुर्लक्ष झालं की मगच ते पडतं.

सातपुडा_पायथा

वेग दाखवणारा काटाच बंद असेल तर?

गिरणाई

तो पिटो नळीवर चालतो. पंखाखाली बोटभर नळी, तिच्या तोंडातून हवा आत जाते. घराच्या भिंतीवर, सॉकेटच्या भोकात मातीचं घरटं करणारी कुंभारीण माशी सगळ्यांनी पाहिली असेल. तिला ही नळी म्हणजे आयतं बीळ. १९९६ मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकात पुएर्तो प्लाताहून उडालेलं मोठं बोइंग ७५७ काही मिनिटांत समुद्रात पडलं, १८९ जण गेले. तपासात पिटो नळी तुंबल्याचं आणि बहुधा ती अशाच माशीने तुंबवल्याचं म्हटलं आहे. तिथे धाव घेतानाच वेगाचा काटा चुकत होता.

म्हणून नळीला लाल टोपी, उडण्याआधी ती काढायची आणि धाव सुरू झाली की काटा हलतोय का ते बघून मोठ्याने म्हणायचं. ३०-४० नॉटपर्यंत काटा जागचा हलला नाही तर थ्रॉटल मागे, ब्रेक. पुढे पट्टी शिल्लक असताना घेतलेला हा निर्णय फुकट असतो.

धावपट्टी_सत्तावीस

ताईंच्या शेवटच्या वाक्याला धरून. धाव सोडून द्यायचं ठिकाण आधीच ठरवायला एक सोपा नियम आहे: अर्ध्या पट्टीपर्यंत जमीन सोडण्याच्या वेगाचे ७० टक्के यायलाच हवेत. समजा पट्टी १७०० मीटर आणि जमीन सोडण्याचा वेग ५५ नॉट. ८५० मीटरच्या खुणेला ३९ नॉट नसतील तर थांबा. यामागे गणित आहे: ०.७ चा वर्ग ०.४९, म्हणजे अर्ध्या अंतरात निम्मी ऊर्जा. १७०० मीटर पट्टीवर छोट्या विमानाला एवढं थांबावंच लागत नाही, म्हणून आपल्याकडे खूण अजून अलीकडे ठरवावी: तक्त्याने सांगितलेल्या धावेच्या दीडपट अंतराला चाकं जमिनीवरच असतील तर काहीतरी बिघडलंय. ब्रेक लागलेला असेल, मागून वारा असेल, ताकद कमी असेल. कारण नंतर शोधता येतं.

वजनाचंही सांगतो. १७२ एस चं कमाल वजन ११५७ किलो. रिकामं साधारण ७७०. टाकीत वापरता येणारं २०० लिटर, लिटरला ०.७२ किलो म्हणजे १४४. उरले २४३ किलो. चार सीट दिसतात, पण टाकी भरली की ८० किलोची तीनच माणसं. चौथा बसवायचा असेल तर पेट्रोल उतरवा. आणि सामान शेपटीकडे गेलं की गुरुत्वमध्य मागे जातो, नाक आपणहून उठतं, स्टॉलमधून बाहेर काढणं अवघड होतं.

११ एप्रिल १९९६, अमेरिकेत शायेन. सात वर्षांच्या मुलीच्या विक्रमासाठी निघालेलं एक इंजिनाचं सेस्ना १७७. विमानतळ ६१०० फुटांच्या वर, विमान कमाल वजनापेक्षा जड, वादळ दाराशी. उडाल्यावर लगेच स्टॉल होऊन पडलं, तिघेही गेले. वजन, उंची, हवामान, आणि वेळापत्रक पाळायची घाई. एकेकटं यातलं काहीही बहुधा निभावलं असतं.

मांडे_खापरावरचे

अहमदाबादलाही उड्डाणातच झालं ना? जून २०२५. त्याचं कारण यातलं कोणतं?

संचालक

तो प्रवासी विमानाचा अपघात होता, यंत्रणा वेगळ्या. प्राथमिक अहवालात उडाल्यानंतर लगेच दोन्ही इंजिनांचे इंधन स्विच बंद स्थितीत गेल्याचं नोंदलं आहे, ते का गेले याचा निष्कर्ष त्या अहवालात नाही. २६० जणांचे प्राण गेलेल्या घटनेवर इथे अंदाज नकोत. कृपया छोट्या विमानांवर या.

वाघूरकाठ

धन्यवाद. आता मला हवा तो भाग. इंजिन ५०० फुटांवर गेलं. पट्टी मागेच आहे. वळून परत का येत नाहीत?

धावपट्टी_सत्तावीस

जिभाऊ, हाच मोह सगळ्यात जास्त जीव घेतो. "मागे वळणं" म्हणजे १८० अंश वाटतं. पण १८० अंश वळलात की पट्टीच्या शेजारी समांतर येता, पट्टीवर नाही. आणखी ४५ पलीकडे आणि मग ४५ उलटे. एकूण २७० अंश.

७० नॉटला ३० अंश कलून वळलात तर सेकंदाला सुमारे ९ अंश. ३० सेकंद. त्यात बसलेला धक्का ओसरून हात हलेपर्यंतचे ४ सेकंद. वळणात मिनिटाला ७०० ते ८०० फूट खाली येता. झाले ४०० ते ४५० फूट. उरले पन्नास, त्यात अजून चाकं टेकवायची. ४५ अंश कललात तर वळण लवकर होतं, पण सरळ उडताना ५० नॉटला होणारा स्टॉल तिथे ६० ला होतो, ६० अंश कललात तर ७१ ला. जमीन वर येताना दिसते, हात मागे ओढतो, रडर (शेपटीवरची उभी पट्टी हलवणारं पायाखालचं पेडल) जास्त दाबला जातो, आणि एक पंख आधी सुटून विमान गिरकी घेतं. त्या उंचीवरून त्यातून बाहेर येता येत नाही. शिवाय समोरचा वारा आता पाठीवर, पट्टीवर उतरताना वेग वाढलेला.

म्हणून नियम: नाक खाली, १७२ एस ला फ्लॅप (पंखांमागच्या खाली उतरवता येणाऱ्या पट्ट्या) वर असतील तर ७० नॉट, खाली असतील तर ६५. समोर, डावीउजवीकडे तीसेक अंशांत जे दिसेल तिथे. मिश्रण बंद, इंधन बंद, मॅग्नेटो बंद, फ्लॅप लागतील तसे, मास्टर (विजेचा मुख्य स्विच) बंद. टेकण्याआधी दाराची कडी उघडून ठेवा, धक्क्याने चौकट वाकली तर दार अडकतं.

एक आकडा ध्यानात ठेवा. ताशी १६० किलोमीटर वेगातून ९ जी ने (गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट जोराने) थांबायला ११ मीटर लागतात. ८० वरून फक्त २.८ मीटर. खांद्याचे पट्टे नीट बांधलेले असतील तर माणूस एवढं सोसू शकतो. म्हणजे विमानाचे तुकडे झाले तरी चालतील, वेग कमी आणि विमान ताब्यात हवं.

सातपुडा_पायथा

मग समोर तापीचं पात्र दिसलं तर तेच घ्यावं. सपाट वाळू.

केळीचा_घड

नको, दादा. वरून सपाट दिसतं, पण तापीच्या काठाला खोल घळी आहेत, एकेक दोन-दोन पुरुष खोल. पात्रात वाळूचे खड्डे. वावरच बरं, पण कोणतं वावर ते महिन्यावर आहे. आमच्या बाजूने सांगतो.

चैत्र-वैशाखात गहू-हरभरा निघालेलं, धसकटं उभी असलेलं वावर सगळ्यात चांगलं. कडक आणि सपाट. पण शेजारचं नांगरट केलेलं नको. काळ्या मातीची ढेकळं माणसाच्या डोक्याएवढी निघतात, उन्हाने दगड होतात. पुढचं चाक त्यात गेलं की विमान पालथं. वरून ओळख: धसकटाचं वावर पिवळट, नांगरट गडद आणि खडबडीत सावल्यांची. आषाढात पेरलेल्या ओल्या काळ्या जमिनीत चाक रुततंच. भादवा-अश्विनात कपाशी कंबरेएवढी, ती विमान धरून ठेवते, मऊ आहे. ओळींच्या बाजूने उतरावं, आडवं नाही. पौष-माघात गहू-हरभरा उभा असतो, ते उत्तम, फक्त नुकतं पाणी भरलेलं नको. ते काळपट चमकतं.

केळीची बाग शेवटचा पर्याय. झाड आठ-नऊ फूट, पण खोड पाण्याने भरलेलं, सागासारखं लाकूड नाही.

धावपट्टी_सत्तावीस

केळीवर उतरायची वेळ आलीच तर शेंड्यांनाच जमीन समजायचं, शक्य तितका हळू वेग, पंख समतल, स्टॉल होऊ न देता. मध्ये घुसायचा प्रयत्न नाही.

केळीचा_घड

बरोबर. आणि दोन गोष्टी वरून दिसत नाहीत. एक, बिनकठड्याच्या विहिरी. त्यांच्याजवळ बहुधा एखादं झाड आणि पंपाची खोली असते, तीच खूण. दोन, तारा. तार दिसत नाही, खांब दिसतो. डीपी दिसली की तिच्यापासून विहिरीकडे तार गेलेली आहे असं धरूनच चालावं.

वाघूरकाठ

नेमकं हेच हवं होतं. आता खाली उभ्या असलेल्या माणसाने काय करायचं?

नटबोल्ट

११२ ला फोन, रुग्णवाहिकेसाठी १०८. ठिकाण सांगताना गट नंबर नको, ओळखीचा रस्ता, पाट, देऊळ सांगा. विमान तारांवर किंवा तारा विमानावर असतील तर जवळ जायचंच नाही, आधी महावितरणकडून पुरवठा बंद.

जवळ जाताना वारा पाठीवर घ्या, म्हणजे पेट्रोलची वाफ तुमच्याकडे येणार नाही. बिडी नाही, मोटारसायकल-ट्रॅक्टर लांबच. पंख्याच्या रेषेत उभं राहायचं नाही, त्याला हात नाही. हात पोचत असेल तर डॅशबोर्डवरचा लाल मास्टर स्विच बंद करा. पट्टा सुटत नसेल तर विळ्याने कापा, पण विमान उलटं असेल तर आधी माणसाला खांद्याने आधार द्या, नाहीतर तो मानेवर पडेल. आग किंवा पेट्रोलची गळती नसेल तर मान हलवू नका, बोलत राहा, रुग्णवाहिका येऊ द्या. आग असेल तर लगेच बाहेर ओढा. पेट्रोलच्या आगीवर पाण्याचा लोट सोडू नका, पेट्रोल पाण्यावर तरंगून पसरतं. माती टाका.

काही हलक्या विमानांत अख्ख्या विमानाला पेलणारं पॅराशूट असतं, ते रॉकेटने बाहेर फेकलं जातं. ते उडालेलं नसेल तर भग्नावशेषात जिवंत रॉकेट आहे. अंगावर इशाऱ्याचं त्रिकोणी चिन्ह दिसलं तर त्या भागासमोर उभं राहू नका, तिथे काही कापू नका.

माणसं बाहेर आली की काहीही उचलायचं नाही. तुटलेला पत्रा, कागद, इंधनाचा कप, काही नाही. विमान अपघात अन्वेषण ब्युरोचे लोक स्विच कोणत्या स्थितीत आहे, पंख्याची पाती कशी वाकली आहेत यावरून इंजिन चालू होतं की बंद ते काढतात. चालत्या पंख्याची पाती पुढे किंवा पीळ बसून वाकतात, थांबलेल्या पंख्याचं एखादंच पातं मागे दुमडतं. कोणी ते सरळ करून ठेवलं तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर कायमचं गेलं.

वाघूरकाठ

म्हणजे पारावरचं "इंजिन बंद पडलं" हे त्या पात्यांवरून तपासता येतं. हे माहीत नव्हतं. पट्टीच्या शेजारच्या गावांनी आधीपासून करण्यासारखं काही आहे का?

गिरणाई

आहे. घार आणि गिधाडाच्या जातीचे पक्षी उड्डाणाच्या वेळी समोरच्या काचेवर येतात. विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावर कापणं, सोलणं किंवा पक्षी जमतील असा कचरा टाकणं याला १९३७ च्या विमान नियमांत मनाई आहे. मेलेलं ढोर पट्टीच्या टोकाकडच्या नाल्यात टाकतात, ते बंद व्हावं. पुरायचं.

केळीचा_घड

पऱ्हाटी जाळायचंही बघावं लागेल. माघ-फाल्गुनात कपाशीच्या काड्या पेटवल्या की धूर पट्टीवर सरकतो, आणि धुरामागे किडे टिपायला पाखरं येतात. आमच्याकडे येत्या ग्रामसभेत हे दोन्ही मुद्दे घेतो. नटबोल्ट दादा, खाली उभ्या माणसाने काय करायचं तो प्रतिसाद छापून पंचायतीच्या फळ्यावर लावला तर चालेल ना?

नटबोल्ट

लावा. आणि पंख्याचं वाक्य सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात.